कुसळ आणि मुसळ

डहाणूला पारनाक्याच्या बाजूला सुरूच्या झाडांखालून सकाळी कुत्री फिरवणारी जी मंडळी दिसतात, त्यांतला एक प्रकार लांबूनही ओळखू येतो. बाकीचे समुद्राकडे बघत चालतात, नाहीतर मोबाईलकडे. हा गृहस्थ कुत्र्याच्या डोळ्यांकडे बघत चालतो आणि समोरून येणाऱ्या सायकलवर आपटतो. असा माणूस गावोगाव असतो. डहाणूच्या नमुन्याला आपण आप्पा म्हणू.

आप्पांची चिकूची वाडी आहे आणि राजा नावाचा काळा गावठी कुत्रा आहे. वाडीकडे गडी बघतो, राजाकडे आप्पा. केंद्र सरकारने 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरवून उद्योगांवर बंधनं घातली. आप्पांनी तोच कायदा राजाच्या डोळ्यांभोवती लागू केला आहे. त्याच्या आसपास उदबत्ती नको, कासवछाप नको, मिरचीची फोडणी तर नकोच. काकू गेली कित्येक वर्षं मागीलदारी शेगडी मांडून ठेचा करतात.

सकाळचा कार्यक्रम ओटीवर होतो. आप्पा आधी साबणाने हात धुतात, कोपरापर्यंत. मग उकळून गार केलेलं पाणी, नाहीतर औषधाच्या दुकानातलं सलाईन, आणि गॉजचे तुकडे. कापूस नाही, त्याचे तंतू डोळ्यात राहतात. रात्रीची चिपडं वाळलेली असली तर ओला तुकडा पापणीवर जरा वेळ धरून ठेवायचा. ती आपोआप सुटतात, नखाने खरवडायची नाहीत. पुसायचं नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, बुबुळाला हात न लावता. एका डोळ्याचा तुकडा दुसऱ्याला नाही, एकाचा संसर्ग दुसऱ्यात जातो म्हणून. राजा हे सगळं एखाद्या संस्थानिकासारखं बसून करवून घेतो. शेवटी त्याला बिस्किटाचा तुकडा मिळतो. आप्पांचा चहा तोवर गार झालेला असतो.

शेजारच्या वाडीतले इराणी काका कुंपणापलीकडून हा सोहळा बघतात. राजाच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तपकिरी ठिपका आहे. पारशी-इराण्यांच्या अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची नजर घडवतात, त्याला सगदीद म्हणतात, आणि त्यासाठी असा ठिपकेवाला, म्हणजे चार डोळ्यांचा कुत्रा उत्तम मानलेला आहे. त्यामुळे काका राजाला आदराने वागवतात आणि आप्पांना छळतात. ‘‘आप्पा, चार डोळे हाय त्येला. दोनच पुसतोस?’’ आप्पांनी यावर अभ्यास केला. ऋग्वेदातले यमाचे दोन्ही कुत्रेही चार डोळ्यांचेच आहेत, हे त्यांनी शोधून काढलं आणि वर ऐकवलं, की कुत्र्याच्या डोळ्याला आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणीही असते. ‘‘डोळे चार, पापण्या तीन,’’ काका म्हणाले, ‘‘तुझ्या चिकूच्या हिशेबासारखंच हाय.’’

गावात सल्लागारांना तोटा नाही. कुणी गुलाबपाणी सांगतो, कुणी मध, कुणी चहाचं पाणी, कुणी बोरिक पावडर. एका बाईंनी तर दृष्ट लागू नये म्हणून काजळ सुचवलं होतं. त्यांच्याशी आप्पा अजून बोलत नाहीत. पण त्यांचा खरा राग घरात उरलेल्या माणसांच्या थेंबांवर आहे. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं, आणि बुबुळावर जखम असताना ते घातलं तर जखम चिघळून डोळा जाऊ शकतो. हे सांगताना आप्पांचा आवाज चढतो. इथे मी त्यांच्या बाजूचा आहे.

पुतण्या तलासरीला असतो, हायवेला लागून. त्याचा कुत्रा गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून फिरतो आणि अहमदाबादकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ डोळ्यांत साठवून घरी येतो. मग लाल डोळ्याचा फोटो आप्पांना. उत्तर ठरलेलं: ‘‘काच वर कर. सलाईनने धू. पिवळाहिरवा पू येत असेल, डोळा मिटून धरत असेल, पंजाने चोळत असेल, तर मला कसले फोटो पाठवतोस? डॉक्टरकडे ने!’’

दिवाळीनंतर आप्पा राजाला घेऊन त्याच पुतण्याकडे गेले. तिकडे गवत वाळून कापणीला आलं होतं. राजा त्यात मनसोक्त लोळला आणि एक डोळा घट्ट मिटून बाहेर आला. पापणीआड कुसळ! पुतण्याने चिमटा आणला, तो आप्पांनी अंगणात भिरकावला. रुतलेलं कुसळ घरी उपटायचं नसतं. राजाने पंजा मारू नये म्हणून त्याला मांडीवर दाबून धरलं आणि थेट जनावरांचे डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी डोळा बधिर करून कुसळ काढलं, मग रंगाची पट्टी टेकवून निळा उजेड टाकला. बुबुळावरचा ओरखडा हिरवागार चमकला. ‘‘वेळेवर आणलंत,’’ डॉक्टर म्हणाले. थेंब दिले, गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला.

आप्पांनी लगेच दुसरी शंका काढली. राजाच्या बाहुल्या हल्ली निळसर दिसतात, हा मोतीबिंदू तर नव्हे? डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वयाने भिंग घट्ट होतं, तशी ही झाक आहे. नजर फारशी अडत नाही, नुसतं लक्ष ठेवा. आप्पांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कागद नाकाला चिकटवला आणि म्हणाले, ‘‘डॉक्टर, अक्षर जरा मोठं काढा हो.’’

कारण मोतीबिंदू आहे तो आप्पांना, उजव्या डोळ्यात, पिकलेला. चष्मा ते लुंगीच्या सोग्याने पुसतात, डोळे कुठल्याही रुमालाने. ऑपरेशनचं नाव काढलं की आधी पावसाळा आड येतो, मग चिकूचा बहार, मग महालक्ष्मीची जत्रा. आणि काहीच नसलं तर ‘‘राजाचे डोळे कोण पुसणार?’’ राजाचे डोळे काकूंनाही पुसता येतात, आणि आप्पांपेक्षा निम्म्या वेळात. काकूंनी आता परस्पर तारीख घेऊन ठेवली आहे. त्या दिवशी राजाला दाखवायला न्यायचंय, असंच आप्पांना सांगायचं ठरलं आहे. तेव्हा डहाणूकर वाचकांनो, कृपा करून तोंड उघडू नका.