अर्धा सरपंच

सत्र संपत आलं की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच आर्त हाक घुमू लागते : "तिसरीच्या मराठीच्या नोंदी आहेत का कुणाकडे? वर्डमध्ये असल्या तर फार बरं." पाच मिनिटांत कुणीतरी पुण्यवान फाइल टाकतो. तिच्यावर अंगठे उमटतात, जोडलेले हात येतात, आणि तालुक्यातल्या समस्त तिसरीचं लेखन कौशल्य मोजून होतं. पोरांनी अजून पेपर लिहिलेला नसतो, पण तेवढं चालायचंच.

ज्यांची शाळा छडीच्या काळात संपली, त्यांना नोंदी म्हणजे काय ते सांगायला हवं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली आला. पोराला परीक्षेची धास्ती घालू नका, वर्षभर त्याच्याकडे लक्ष ठेवा, असं कायद्याने सांगितलं. मग २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' सुरू झालं. तिसरीला शंभरातले साठ गुण आकारिक, म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय वगैरेंचे. चाळीस संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटचे. शिवाय नुसत्या आकड्यांनी पोर कळत नाही, म्हणून गुरुजींनी प्रत्येकाबद्दल आपल्या निरीक्षणातून चार शब्द लिहायचे. विशेष प्रगती काय, आवड-छंद काय, सुधारणा कुठे हवी. ही झाली वर्णनात्मक नोंद. कल्पना इतकी चांगली आहे की ती कुणा शिक्षकालाच सुचली असणार. राबवताना त्याला बोलवायचं तेवढं राहिलं.

आता हिशोब करा. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा. पटावर साठपर्यंत पोरं असली की कायद्याने शिक्षक दोन. एकेकाच्या वाट्याला तीस पोरं, सात विषय, दोन सत्रं. प्रत्येकाची प्रत्येक विषयात एकच ओळ लिहायची म्हटली तरी ४२० नोंदी. त्याही पोषण आहाराचा तांदूळ मोजून, यू-डायसची माहिती भरून, आधारचे न जुळणारे ठसे जुळवून आणि मतदारयादीसाठी घरोघर फिरून उरलेल्या वेळात. महाभारत लिहायला व्यासांना गणपती लागला. गुरुजींना पीडीएफ लागते, एवढंच.

ही पीडीएफ मी पाहिली आहे. तिच्यात नोंदींना क्रमांक असतात आणि वर्गात पोरांना हजेरी क्रमांक असतात, त्यामुळे काम फार सुटसुटीत होतं. एक नंबरचा मुलगा 'हस्ताक्षर वळणदार काढतो', दोन नंबरचा 'विरामचिन्हांचा योग्य वापर करतो', तीन नंबरचा 'शुद्धलेखनात चुका करतो'. पुढच्या वर्षी पट बदलला की हस्ताक्षराचं वळण आपोआप दुसऱ्याच्या हाताला येतं. मुलींच्या ओळीत 'काढतो'चं 'काढते' करायचं बऱ्याचदा राहून जातं. माझी सर्वांत लाडकी नोंद मात्र निराळीच : 'स्वतःच्या शब्दांत लिहितो.' जिल्ह्याजिल्ह्यातली पोरं स्वतःच्या शब्दांत लिहितात, असं त्याच शब्दांत, त्याच टंकात, त्याच एका स्वल्पविरामाच्या चुकीसकट नोंदलेलं आहे.

(इंग्रजी माध्यमवाल्यांनी इथे हसू नये. तिथे हेच रंगीत कागदावर छापून येतं आणि त्याची फी वेगळी असते.)

पोरंही काही कमी नाहीत. त्यांच्याकडे गाइड आहे, निबंधमाला आहे, ताई आहे. त्यामुळे गावोगावची आई पहाटे लवकर उठते, गावोगावचा पावसाळा सृष्टीला हिरवा शालू नेसवतो, आणि मोठेपणी सगळेच डॉक्टर होऊन गरिबांची मोफत सेवा करणार असतात. गुरुजींनाही असा निबंध तपासायला बरा पडतो. पहिली ओळ वाचली की शेवटची पाठ असते.

पण एखादं पोर घात करतं. माझ्या परिचयाचे एक गुरुजी आहेत. त्यांच्या वर्गात 'माझा आवडता प्राणी' या विषयावर हजेरी क्रमांक सतराने जे लिहिलं, ते जसंच्या तसं :

"मला आमची शेळी आवडते. तिचं नाव सोनी. ती काहीपण खाती. सरपंचाच्या वाढदिवसाचा फलेक्स लावला होता तो तिनं खाल्ला. हार्दीक शुभेच्छा खाल्ल्या आणि अर्धा सरपंच राहिला. सरपंच घरी आले. आई म्हणली तिला वाचता येत नाही. सरपंच हसले नाहीत. आता सोनीला बांधून ठेवतो."

नऊ वाक्यं. त्यात पात्रं आहेत, गुन्हा आहे, जबाब आहे आणि शिक्षाही आहे. 'सरपंच हसले नाहीत' या तीन शब्दांवर थांबायला आम्हा सदरवाल्यांना जमत नाही. आम्ही पुढे सत्ता आणि विनोद यांच्या नात्यावर एक परिच्छेद पाडला असता.

गुरुजी म्हणाले, "पोट धरून हसलो हो. वर्गात दोनदा वाचून दाखवलं. मग गुण द्यायला बसलो." आता हसण्याला रकाना नाही. रकाने आहेत मुद्देसूदपणा, शुद्धलेखन, शब्दसंपत्ती, मांडणी. शेळीला पाय किती, ते आलेलं नाही. दूध पौष्टिक असते, हे नाही. लेंडीखताचा उल्लेख नाही. 'खाती' आणि 'म्हणली' यांना लाल गोल. 'हार्दीक'ची वेलांटी दीर्घ, म्हणून अर्धा गुण गेला. पोराने तो शब्द फ्लेक्सवरून तंतोतंत उतरवून घेतला होता. फ्लेक्स छापणाऱ्याचा, लावणाऱ्याचा आणि ज्याचा वाढदिवस होता त्याचा पाव गुणही गेला नाही. साऱ्या गावात ती वेलांटी खटकली असेल तर फक्त सोनीला, आणि तीही आता दाव्याला आहे.

पाचपैकी तीन गुण पडले. सगळं मिळून श्रेणी ब-२. आणि सतरा नंबरसमोर फाइलमधली सतरावी नोंद गेली : 'सुधारणा आवश्यक : स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा सराव हवा.'

मला न्याय सगळ्यांना सारखा हवा असतो. म्हणून ज्या कार्यालयातून हे निकष खाली येतात, तिथल्याच एका पत्राला मी तिसरीची फूटपट्टी लावून पाहिली. मुद्देसूदपणा : वर विषय, त्याखाली सहा संदर्भ, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की', आणि काय कळविण्यात येते ते दुसऱ्या पानावर. विरामचिन्हे : पहिला पूर्णविराम साहेबांच्या सहीपाशी. व्याकरण : कळविण्यात येते, घेण्यात यावी, सादर करण्यात यावा, गांभीर्याने नोंद घेण्यात यावी. आख्ख्या पत्रात कर्ता औषधालाही नाही. तिसरीच्या पोराने 'फ्लेक्स खाण्यात आला' असं लिहिलं असतं, तर गुरुजींनी समासात 'कोणी?' असं विचारलं असतं. पोराने शेळीचं नाव दिलं आणि वर आईची साक्षही काढली. स्वतःचे शब्द : पत्र गेल्या वर्षीचंच आहे, तारीख तेवढी बदललेली, ती एका ठिकाणी बदलायची राहिली आहे.

अशा लेखनाला श्रेणी कोणती द्यावी? इ-१ द्यायला माझा हात शिवशिवत होता. पण खालची श्रेणी आली तरी वरच्या वर्गात ढकलायचं ही आपली जुनी रीत, आणि साहेब तर आधीपासूनच वर्ग एकमध्ये आहेत.

दरम्यान, लेखन कौशल्याला चालना मिळावी म्हणून केंद्रस्तरावर निबंध स्पर्धा घेण्यात आली. (बघा, कर्ता गेलाच.) विषय 'झाडे आपले मित्र'. आमच्या गुरुजींनी सतरा नंबरला पाठवायचं म्हटलं, पण मुख्याध्यापक म्हणाले, "नको. झाडाचं काय लिहील भरवसा नाही, ग्रामपंचायतीने परवाच दोन तोडलीत." मग चार नंबरची पोरगी गेली. तिचं अक्षर खरंच मोत्यासारखं आहे.

निकालाच्या दिवशी पेच पडला. चार शाळांचे चार निबंध 'वृक्षवल्ली' पासून 'चला तर मग, एक तरी झाड लावूया' पर्यंत काना-मात्र्यासह एकच निघाले. परीक्षक अनुभवी होते. त्यांनी पहिला क्रमांक चौघांत विभागून दिला आणि शेऱ्यात लिहिलं, 'चारही स्पर्धकांची शैली स्वतंत्र.' बक्षीस म्हणून प्रत्येकाला एकेक निबंधमाला देण्यात आली.

शाळेच्या फाटकावर लगेच फ्लेक्स लागला. सर्वांत वर सरपंच, त्यांच्या दोन्ही बाजूंना उपसरपंच आणि एक होऊ घातलेले झेडपी सदस्य, तळाशी पासपोर्ट आकारात चार नंबरची पोरगी, आणि मधोमध ठसठशीत 'हार्दीक अभिनंदन'. सरपंचांनी स्वतः येऊन पाहणी केली, खालच्या दोऱ्या हाताने ओढून बघितल्या आणि गुरुजींना शिडीवर चढवून सगळा फ्लेक्स दोन हात वर घ्यायला लावला. त्याचा जिओटॅग असलेला फोटो संध्याकाळी पाचच्या आत लिंकवर भरायचा होता. लिंक उघडेना, म्हणून गुरुजी शिडीवरच थांबले. तिथे रेंज बरी येत होती.