पेटीवर देवगड

पहाटे साडेचारला एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात दोन प्रकारची माणसं दिसतात. पोटासाठी आलेली आणि गळ्यात निकॉन एफएम-टू अडकवून आलेली.

दुसऱ्या प्रकारातला आमचा एक मित्र दोन वर्षं कॅमेरा आणि फिल्मची जोडी शोधतोय. यशिकात गोल्ड 200 बरी की पेंटॅक्स के-1000मध्ये पोर्ट्रा 400? फ्रिजमध्ये अंड्यांच्या खणात रोल झोपलेत. घरात ऑम्लेट बंद आहे.

आता सरळच विचारतो. कॅमेऱ्याच्या बॉडीचा रंगाशी संबंध काय? पेटीत उजेड शिरू नये, शटर वेळेवर उघडावं आणि वेळेवर मिटावं. झालं की! फरक पडतो तो भिंगाने आणि उजेडाने. बाहेरचं कातडं जपानी की जर्मन, हे आतल्या फिल्मला कोण सांगणार?

उजेडाचं मात्र कुणी बोलत नाही.

पत्र्याखालच्या ट्यूबलाइटमध्ये 200ची फिल्म घातली, तर भिंग 2.8वर उघडूनही शटर सेकंदाच्या पंधराव्या हिश्शावर येतं. तेवढ्यात पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतलेला माथाडी फ्रेममधून पसारही होतो. मागे राहतो तपकिरी फराटा. त्याला 'मूड' म्हणायचं.

उपाय साधा आहे. एचपी-5 प्लस घ्या, 400ची फिल्म 1600 समजून वापरा, धुताना लॅबला तसं सांगा. पण एवढ्यात भागलं तर रविवारी चहावर बोलायचं कशाबद्दल?

म्हणून मग सिनेस्टिल 800टी. मुळात ही सिनेमाची फिल्म, फक्त पाठीवरचा काजळीचा थर आधीच काढलेला. थर गेला की उजेड मागून उसळतो आणि ट्रकच्या टेललाइटभोवती लाल वलय उमटतं. म्हणजे दोषच. हौशी मंडळी खास त्या वलयासाठी पैसे मोजतात. डागी माल चढ्या भावात खपवायची ही कला आमच्या अडत्यांनाही अजून साधलेली नाही.

पलीकडच्या फळ मार्केटात आंब्याच्या दर मोसमात एक तक्रार ऐकू येते: पेटीवर देवगड, आत कर्नाटक. फिल्मवाल्यांनी यावर हसू नये. निगेटिव्ह लॅबमध्ये गेली की स्कॅनर आपल्या अकलेने रंग ठरवतो आणि त्यावर बसलेला पोरगा आपल्या. तोच रोल दोन लॅबांत स्कॅन करून बघा. एकीकडे कांदा गुलाबी, दुसरीकडे विटकरी. आणि आमचा मित्र म्हणणार, 'बघ, पोर्ट्राचा टोन!'

टोन पोर्ट्राचा, की त्या पोराच्या जेवणाच्या सुट्टीचा?

आमच्या आजोबांकडे अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, बडोद्यात बनलेला. रोल मिळेल तो. कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू', कधी दुकानदार देईल तो. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यात एक लग्न, एक बारसं आणि नवी सायकल. जोडी जुळवायला पर्यायच नव्हता, त्यामुळे फोटोत माणसं आली.

कोडाक्रोम फिल्मचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल 2010मध्ये छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरीच्या हाती होता. फोटो फक्त 36, आणि तो रोल घेऊन तो मुंबईतही आला, अमिताभ बच्चनसमोर उभा राहिला. आमचा मित्र तेवढेच 36 दर रविवारी 'टेस्ट' म्हणून कांद्यावर उडवतो. रोल, धुलाई, स्कॅन धरून एका फोटोला पन्नासेक रुपये पडतात.

आता कबुली. माझ्याकडेही एक जुनी यशिका आहे आणि तिच्यात मी एचपी-5 सोडून काही घालत नाही. कारण? मीटर बिघडलंय आणि ही फिल्म चुका पोटात घालते. यालाच आमच्यात 'आवडती जोडी' म्हणतात.

परवा तीच घेऊन गाळ्यासमोर उभा होतो. मागून एका माथाडीचा आवाज आला, "ओ दादा, सरका!" सरकलो. गोणी टाकून तो परत आला, घाम पुसत म्हणाला, "माझा काढला ना? दाखवा."

"यात लगेच दिसत नाही. पंधरा दिवस लागतील."

"पंधरा दिवस?" त्याने यशिकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तोवर कांद्याचा भाव चारदा फिरेल."

आणि खिशातून मोबाइल काढून त्यानेच माझा फोटो काढला.