प्राण्यांना कपडे घालण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्राण्यांनी चारचौघांत उघडं फिरावं का, हा प्रश्न आपल्याकडे फार उशिरा ऐरणीवर आला. अमेरिकेत १९५९ सालीच त्यासाठी एक संस्था निघाली होती. घोडे, गायी, कुत्री यांना चड्ड्या घाला, अशी तिची मागणी. ४ इंचांहून उंच किंवा ६ इंचांहून लांब प्राणी कपड्यांतच हवा, असा नियमही तिने ठरवला. १९६२ साली टीव्हीवर वॉल्टर क्रॉन्काइटच्या बातम्यांत संस्था झळकली. पुढे कळलं, की ॲलन एबल नावाच्या गृहस्थाने अख्ख्या देशाची टर उडवली होती आणि संस्थेचा अध्यक्ष म्हणून मिरवणारा बक हेन्री हा विनोदी नट-लेखक होता. नियम मात्र आम्हाला पटला. फक्त आपल्याकडे घुशीची पंचाईत होईल. ती ६ इंचांत बसत नाही आणि माप द्यायला थांबतही नाही. ट्यूबलाइटमागची पाल काठावर सुटते.

तेव्हा श्रीगणेशा घरच्या कुत्र्यापासून करावा.

लग्नासाठी त्याला शेरवानी शिवायची, तर आधी माप. गळा, छाती, आणि पट्ट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. टेप दिसली की कुत्रा ती चावायला धावतो, म्हणून दोघांनी त्याला धरावं. तिसऱ्याने फोटो काढावेत. सगळा खटाटोप त्यासाठीच तर आहे. पोटाखालची पट्टी मागे कुठवर जाते, हे नराच्या बाबतीत नीट बघून घ्यावं. नाहीतर पहिल्याच खांबापाशी शेरवानी धुवायला टाकायची वेळ येते.

कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांना. बाकीची उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. म्हणून मे महिन्यात, नागपूरच्या लग्नात, मखमली शेरवानीबरोबर चार पायांत चार बूटही चढवले की काम पक्कं. मंडळी म्हणतील, “बघा, किती हसतोय!” म्हणू द्यावं. पशुवैद्याचा नंबर मात्र हाताशी ठेवावा. हस्की असेल तर स्वेटरही घ्यावा. निसर्गाने केसांचे दोनच थर दिलेत, बिचारीचं कसं भागायचं?

मांजराला कपडे घालण्याची कृती: घालू नयेत. घातलेच तर ते एका कुशीवर आडवं पडतं आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ असं घरभर जाहीर करतं. ओरखड्यांवरचं मलम आधीच आणून ठेवावं.

हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांनी पोळ्याला गावी जावं. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि बैलाला जेवायचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर आंघोळ, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, टोकांना शेंब्या, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळाला बाशिंग (जागच्या जागी, गुडघ्याला नव्हे) आणि पाठीवर आरशांची झूल. शिवणाऱ्याची अक्कल बघा. झुलीला बाही नाही, पोटाखाली बटण नाही, बाजूंनी वारा खेळता. मिरवणूक झाली, पुरणपोळी खाऊन झाली की झूल उतरवून पेटीत, ती पुढच्या पोळ्यापर्यंत. त्या दिवशी मानेवर जू नाही. बैलाला झुलीबरोबर सुट्टी मिळते. कुत्र्याला शेरवानीबरोबर रील मिळते. नव्या ग्राहकाने कुत्र्यांच्या कपड्यांच्या दुकानात शिरण्यापूर्वी एवढा हिशेब करावा.

खऱ्या गरजेचे कपडेही असतात. कडाक्याच्या थंडीत वासराच्या पाठीवर गोणपाट टाकणाऱ्याला फॅशनची अक्कल शिकवू नये. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटावर तर तेलगळतीत माखलेल्या छोट्या पेंग्विनना लोकरीचे विणलेले स्वेटर घालतात. पिसं चोचीने साफ करताना पक्षी ते तेल गिळतात, म्हणून. तेल धुऊन काढलं की स्वेटरचं काम संपलं. त्यावर जरीचे काठ नसतात.

एवढं वाचूनही घरच्या लग्नात कुत्र्याला शेरवानी हवीच असेल, तर फोटो झाला की लगेच काढा, सावलीत बसवा, वाटीभर पाणी द्या. नवरदेवाची राहू द्या. त्याने ती स्वखुशीने घातली आहे, निदान तसं समजायची पद्धत आहे.