सापडू न देण्याची कला : नवनियुक्त संपादकांसाठी

अभिनंदन. आमच्या मराठी संस्थळाच्या संपादक मंडळावर आपली निवड झाली आहे. पगार नाही, रजा नाही, शिव्या मात्र दोन्ही बाजूंच्या. हे काम आपण का स्वीकारलंत, हे आम्ही विचारणार नाही. सोसायटीचं सचिवपद ज्या कारणानं गळ्यात पडतं त्याच कारणानं पडलं असणार, म्हणजे बैठकीला आपण गैरहजर होतात.

जुन्या मार्गदर्शिकेत ‘चर्चा निकोप ठेवावी’, ‘नव्या सदस्यांना सांभाळून घ्यावं’ अशी वाक्यं होती. ती काढली आहेत. १९९६च्या गणेश चतुर्थीला मायबोली सुरू झाली, २००७ साली मिसळपाव आलं, २०११मध्ये ऐसी अक्षरे. शिवाय मनोगत, उपक्रम आणि कितीतरी लहानमोठे पार. एवढ्या वर्षांत जगभरच्या मराठी माणसांनी एकमेकांशी भांडून जो अनुभव कमावला, तो वाया जाऊ नये. त्याचं सार एका ओळीत बसतं : संपादक सापडता कामा नये आणि धागाही सापडता कामा नये. संपादक सापडला की त्याला काम करावं लागतं. धागा सापडला की विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, उत्तर मिळालं की तो निघून जातो, आणि मग भांडायचं कुणाशी?

(नवख्यांसाठी : धागा म्हणजे चर्चेचं पान. व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप. तो पुढे सगळ्यांना दाखवता यावा अशाच बेतानं लिहिलेला असतो. डुआयडी म्हणजे दुसऱ्या नावानं आलेला तोच माणूस. पहिल्या नावाला अनुमोदन द्यायला येतो. वाचनमात्र म्हणजे जो लिहीत नाही, पण सगळं लक्षात ठेवतो. संमं म्हणजे आपण.)

पायरी पहिली : दिसू नका

कचेरीत साहेब खुर्चीच्या पाठीला स्वेटर अडकवून जातात. दिवसभर लोक त्या स्वेटरशी अदबीनं बोलतात. ‘आत्ता इथेच होते’ असं शिपाई सांगतो आणि स्वेटरकडे पाहिलं की पटतंही. संस्थळावर स्वेटरची सोय नाही. त्याजागी ‘संपादक मंडळ’ असा सामाईक आयडी असतो. सात जणांचा मिळून एक. कुठला निर्णय कुणी घेतला हे सदस्यांना कळत नाही, आणि थोड्या दिवसांनी त्या सातांनाही कळेनासं होतं. हा आयडी बोलतो तेव्हा कर्मणी प्रयोगात बोलतो. ‘नोंद घेण्यात आली आहे.’ कुणी घेतली, कुठे घेतली, त्या नोंदीचं पुढे काय झालं, हे विचारायची मराठी माणसाला शाळेपासूनच सवय नाही.

भांडणाची वेळ ठरलेली असते. पुण्यात रात्रीचे साडेअकरा. घरचे झोपलेले, फोन पूर्ण चार्ज झालेला, आणि दिवसभर ऑफिसात गिळलेलं सगळं वर आलेलं. त्याच क्षणी कॅलिफोर्नियात, उन्हाळा असेल तर, सकाळचे अकरा. तिथला सदस्य मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलेला. दोघांमध्ये साडेबारा तासांचं अंतर आणि विषय एकच. या वेळेत आपण चुकूनही लॉग-इन करू नये. सकाळी साडेसातला चहाचा कप घेऊन यावं, ऐंशी प्रतिसादांचा धागा उघडावा आणि ‘चर्चा भरकटत आहे, सदस्यांनी भान ठेवावे’ असं लिहावं. तोवर ज्यांना भान होतं ते सदस्य सोडून गेलेले असतात.

सिग्नलला मामा उभे असले की गाड्या झेब्रा पट्ट्याच्या मागे थांबतात. मामा पावती फाडत नाहीत, शिट्टीही वाजवत नाहीत, झाडाखाली सावलीत नुसते उभे असतात. हे निरीक्षण आपण कुठेही बोलून दाखवू नये. नुसतं उभं राहून भागतं हे एकदा सदस्यांना कळलं, की ते रोज उभं राहायला सांगतील.

अमेरिकेत स्लॅशडॉट नावाच्या ठिकाणी नव्वदीच्या अखेरीस एक धोकादायक प्रयोग झाला, त्याची माहिती असलेली बरी. तिथे संपादकाचा अधिकार चिल्लर करून वाटून टाकला. सामान्य वाचकांपैकी काहींना पाच-पाच गुण मिळत, ते तीन दिवसांत वापरायचे, नाहीतर बाद. त्यातून प्रत्येक प्रतिसादाला उणे एक ते पाच यांच्यामधली किंमत यायची. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण हे गुण वाटणाऱ्यांचा निवाडा बरोबर होता का, हेही दुसरे वाचक तपासत. आपल्याकडे ऐसी अक्षरेनं याच धर्तीवर श्रेणी आणल्या : मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, भडकाऊ, आणि खवचट. खवचटपणाला अधिकृत श्रेणी द्यावी, हे मराठी माणसालाच सुचणार. त्याबद्दल आम्हांला आदर आहे. पण असल्या पद्धतीत संपादकाला लपायला जागा राहत नाही, म्हणून आम्ही ती नाकारली.

पायरी दुसरी

[ही पायरी धोरणात बसत नसल्याने उडवण्यात आली आहे. – संमं]

पायरी तिसरी : उडवा, पण सांगू नका

प्रतिसाद उडवताना फक्त तोच उडवावा. त्याला आलेली उत्तरं राहू द्यावीत. म्हणजे सकाळी धागा उघडणाऱ्याला मूळ वाक्य दिसत नाही, पण खाली ‘हे तुमच्या आईसमोर बोलाल का?’, ‘निदान चपलेचा तरी उल्लेख नको होता’ आणि ‘+१’ असं दिसतं. वाचक मूळ वाक्य स्वतः रचतो. आमच्या अनुभवात त्यानं रचलेलं वाक्य उडवलेल्यापेक्षा नेहमीच भयंकर असतं. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्यानं चपलेचा अंगठा तुटला तर कुठे शिवून मिळतो, एवढंच विचारलेलं असतं.

कारण देऊ नये. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामर लोकांचं ठिकाण २००८पासून चालू आहे. तिथे प्रश्न बंद करताना कारण लिहितात, आणि तोच प्रश्न आधी येऊन गेला असेल तर जुन्या पानाचा दुवाही वर चिकटवतात. तरीही तिथले लोक उद्धटपणाची तक्रार करतातच. मग कारण लिहिण्याचे कष्ट घ्या कशाला?

मराठी विकिपीडियापासून तर आपण दूरच राहावं. तो २००३च्या महाराष्ट्रदिनी सुरू झाला. तिथे प्रत्येक पानाला ‘इतिहास’ जोडलेला असतो. कुणी, कधी, कुठलं वाक्य घातलं नि काढलं, सगळं त्यात नोंदलेलं. आपसांत बोलण्याच्या जागेला त्यांनी ‘चावडी’ म्हटलं आहे, आणि त्या शब्दातच आमची हरकत आली. गावची चावडी मधोमध असते. पाटील तिथे बसलेला दिसतो. ‘चावडी कुठे आहे?’ असं गावात कुणी विचारत नाही. अशानं कारभार चालत असेलही, पण त्यात गंमत काय?

कायद्याची धास्ती वाटत असेल, तर एक दिलासा. व्हॉट्सॲप ग्रुपवर सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये म्हटलं. ॲडमिनच्या हाती माणसं आत घेणं आणि बाहेर काढणं, एवढंच असतं, हा त्यातला एक मुद्दा. निकाल व्हॉट्सॲपच्या ॲडमिनपुरता आहे आणि आपण वकील नाही. तरी तो छापून टेबलावर ठेवावा. काही न करायला इतकं भारदस्त निमित्त पुन्हा मिळायचं नाही.

पायरी चौथी : धागा लपवा

हा विषय मोठा आहे. माणूस लपवणं सोपं. चारशे प्रतिसादांचं पान सगळ्यांसमोर उघडं ठेवून लपवायला खरं कसब लागतं.

सुरुवात नावांपासून करावी. नावं ठेवण्यात मराठी माणसाचा हात कोण धरणार? मिसळपाववर चर्चेच्या दालनाला ‘काथ्याकूट’ म्हणतात, कवितांच्या दालनाला ‘जे न देखे रवी’. नावं झकास आहेत, जुन्या मंडळींना तोंडपाठ आहेत, आणि त्यांचा हेवा वाटून आम्हीही आमच्या दालनांची बारशी केली : ओसरी, माजघर, परसदार, उखळ-मुसळ आणि इत्यादी. आता नांदेडहून पहिल्यांदाच आलेल्या बाईंना बँकेच्या केवायसीबद्दल विचारायचं आहे. माजघरात विचारावं की परसदारी? त्या अर्धा तास उंबऱ्यातच उभ्या राहतात आणि शेवटी ‘उखळ-मुसळ’मध्ये विचारतात. ते दालन निवृत्त मंडळींच्या गुडघेदुखीसाठी आहे. मग त्यांना तिथून हाकलायचं काम आपल्याला मिळतं.

शीर्षकांवर कुठलाही नियम लादू नये. ‘मदत हवी आहे’, ‘एक प्रश्न’, ‘हे काय झालं माझ्याकडून!’, ‘तातडीचं’ ही आदर्श शीर्षकं. ‘तातडीचं’ असे आमच्याकडे एकतीस धागे आहेत. सर्वांत जुना २००९चा आहे आणि अजून उत्तराची वाट पाहतो आहे. गप्पांचं पान वाहतं ठेवावं, म्हणजे नवं लिहिलं की खालचं जुनं आपोआप गळून पडतं. कामाची माहिती लोक नेमकी तिथेच देतात.

आणि मग शोध. इथे निसर्गच आपल्या बाजूनं आहे. ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक आधी ‘अ’, मग डोळ्यांना न दिसणारा एक सांधा, मग वर चंद्र, अशी मोट बांधून ते काढत. काहीजण अजून तसंच काढतात. दिसायला दोन्ही सख्खी जुळी, पण यंत्राच्या लेखी एकमेकांना न ओळखणारी. ‘पुऱ्या’चं तर विचारूच नका. त्यातला रफार नव्हे, तो जो पापणीसारखा ‘र’ असतो, तो कुणी खाली टिंब असलेल्या ऱ पासून बनवतो, तर कुणी साध्या र चा पाय मोडून, त्याला तोच अदृश्य सांधा लावून. परिणामी साताऱ्याच्या काकूंनी सविस्तर लिहिलेल्या पुऱ्या शोधणाऱ्या वहिनींना ‘एकही निकाल नाही’ असं उत्तर मिळतं, आणि आपल्या भाषेत पुऱ्यांवर कुणीच लिहिलेलं नाही, असा समज होऊन त्या नवा धागा काढतात. शोधयंत्राला ही दोन रूपं एकच आहेत हे शिकवता येतं. काम फार मोठं नाही. म्हणूनच ते ‘विचाराधीन’ ठेवावं.

दरवर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी याची परीक्षा होते. उकडीचे मोदक फुटतात का, चिरतात का, याचं उत्तर आमच्याकडे आहे. पूर्ण आहे, आजीच्या हातचं आहे : पिठाइतकंच पाणी, त्याला खळखळून उकळी, त्यात मीठ आणि थोडं लोणी, पीठ घालून ढवळलं की घट्ट झाकण आणि वाफ, आणि गरम असतानाच मळायचं, कारण गार झालेली उकड मोदक वळताना दगा देते. हे सगळं ‘हुश्श!’ नावाच्या धाग्यात, सातव्या पानावर, एका मांजराच्या फोटोखाली आहे. ते आजवर कुणाला सापडलेलं नाही. त्यामुळे दर हरतालिकेला नवा धागा निघतो आणि दर हरतालिकेला आमची वाचकसंख्या वाढते.

घडू नये ती चूक

हे प्रकरण नाइलाजानं जोडतो आहे. दुसऱ्या एका संस्थळावर संपादक असताना मीच ही चूक केली होती.

हरतालिकेचीच रात्र. झोप येत नव्हती म्हणून फोन उघडला, तर उकडीचा धागा त्रेसष्ट प्रतिसादांवर पोचलेला. लोणी की तेल, इथून सुरुवात झाली होती. मग ‘कोकणात असं करत नाहीत’ आलं, मग ‘देशावर तळणीचेच करतात’, मग ‘अमेरिकेत बसून आम्हांला शिकवू नका’, मग कुणाच्या तरी आजीचं मूळ गाव. दोन डुआयडी एकमेकांना अनुमोदन देत होते आणि एक जण पॉपकॉर्न घेऊन बसल्याचं दर दहा मिनिटांनी कळवत होता. नियमाप्रमाणे मी फोन पालथा ठेवून झोपायला हवं होतं. मी सामाईक आयडी सोडून स्वतःच्या नावानं लिहिलं : ‘मी जागा आहे. वाचतो आहे.’

सहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. पॉपकॉर्नवालाही गप्प. मग आजीचं मूळ गाव काढणाऱ्यानं विचारलं, ‘तुमच्याकडे काय घालतात, लोणी की तेल?’ आणि त्यानंतर, जिनं धागा काढला होता तिचा प्रतिसाद आला. नवव्या प्रतिसादात तिनं एक प्रश्न विचारला होता, तो पुढच्या पन्नासांखाली गाडला गेला होता. तिनं तोच पुन्हा लिहिला : ‘झाकण ठेवून पंधरा मिनिटं झाली. मळायला घेऊ का?’

मी लिहिलं, घ्या, अजून गरम आहे तोवर. हाताला पाणी लावा.

दुसऱ्या दिवशी मंडळानं माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. सामाईक आयडी सोडून व्यक्तिगत नावानं लिहिल्याबद्दल, कार्यालयीन वेळेबाहेर हजर राहिल्याबद्दल आणि चालू धाग्याचा ओघ खंडित केल्याबद्दल. खुलासा मी दिला, चांगला दोन पानी. तो कुठल्या धाग्यात टाकला होता, ते आता सापडत नाही.