आधी झूल, मग बिढार

चांगदेव पाटील मी उलटा वाचला. यात भालचंद्र नेमाड्यांचा काही दोष नाही. त्यांनी 1975 ते 1979 या काळात बिढार, हूल, जरीला, झूल अशा चार कादंबऱ्या ओळीने, शिस्तीत दिल्या. मला त्या माजिवड्याच्या नाक्यावर रद्दीवाल्याकडे मिळाल्या आणि त्याच्या ढिगात सगळ्यात वर 'झूल' होती. त्यामुळे प्राध्यापकी करून विटलेला चांगदेव मला आधी भेटला. मग सोडलेल्या नोकऱ्या एकेक करून पुन्हा धरत, दिवसेंदिवस तरुण होत, तो 'बिढार'मध्ये मुंबईच्या मित्रांच्या घोळक्यात येऊन पोचला. काय आशावादी लेखक आहे, असं मी चारचौघांत बोलूनही बसलो.

"पुस्तकावर लिहिलेलं नसतं का, कितवा भाग ते?" बायकोने विचारलं. नसतं. अर्पणपत्रिका असते, मुद्रितं तपासणाऱ्या मेव्हण्याचे आभार असतात. नेमकं तेवढंच नसतं.

त्या मानाने भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे गुणी. फुरसुंगीचा हा पोरगा वीस पुस्तकांत मोठाच होत नाही, त्यामुळे कुठूनही 'ट्टॉक्' करा. बाबूराव अर्नाळकरांनी तर हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा क्रम आजोबांना विचारला तेव्हा ते भडकले. "झुंजार मिळाला झुंजार वाचायचा, काळापहाड मिळाला काळापहाड. ती काय रेशनची रांग आहे?"

क्रम एक वेळ जुळेल, पण मुळात पुस्तक घ्यावं की नाही हे कोणाला विचारायचं? 1964 साली 'ललित' मासिक निघालं, त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने भल्याभल्यांच्या टोप्या उडवायचे. आता सगळेच एकमेकांच्या टोप्या सरळ करून देतात. परीक्षणात 'प्रांजळ' आलं की मी ओळखतो, प्रूफं तपासलेली नाहीत. 'मुखपृष्ठ बोलकं आहे' म्हणजे समीक्षक तिथपर्यंतच पोचलेत.

म्हणून मी शेवटी वाचनालयाच्या पुस्तकांमागच्या तारखांच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू लागलो. मराठी ग्रंथ संग्रहालय ठाण्यात 1893 पासून आहे. एवढी वर्षं वाचणाऱ्या गावात शिक्के खोटं कशाला बोलतील? मेट्रोच्या खांबांखालून शेअर रिक्षाने स्टेशनकडे जायचं (सिग्नललाच 'जरीला'ची वीस पानं झाली होती), आणि पुस्तक मागून उघडायचं. शिक्के दाट, तर पुस्तक घरी.

एका कादंबरीची चिठ्ठी अशी भरलेली की खाली दुसरी डकवलेली. हरखून घेऊन आलो. अकराव्या पानावर झोप लागली. जाग आल्यावर चिठ्ठी नीट पाहिली. तारखा सतरा, सभासद क्रमांक एकच. लेखक आमच्याच मागच्या बिल्डिंगमध्ये राहतात. लिफ्टमध्ये भेटले की "हल्ली काय वाचताय?" म्हणून विचारतात.

परवा कपाट लावताना ती रद्दीतली 'झूल' हाताला आली. बायकोने चारही भाग उंचीने लावले होते, तेव्हा मुद्दाम उपसून क्रमाने लावत होतो. शेवटचं पान उलटलं. मजकूर संपतो त्याच्या खाली, कोणा जुन्या वाचकाच्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आधीचे तीन भाग आधी वाचावेत.'

मी खाली 'सहमत' लिहिलं, आणि तारीख घातली.