भिंतीवरची विचारपूस

सोमवारी सकाळी नळाचं पाणी गेलं आणि माई भिंतीशी आल्या. हा क्रम ठरलेला. ठाण्याच्या कोपरीत आमची सोसायटी आणि माईंची बिल्डिंग यांच्यामध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावर कधीकाळी काचा लावल्या होत्या. त्यातल्या दीड हात जागेवरच्या काचा माईंनी एका दुपारी बत्त्याने फोडून काढल्या. कोपर टेकायला जागा हवी म्हणून. चोर आला तर तिथूनच येईल, असं आमचे सेक्रेटरी अजून म्हणतात. वीस वर्षांत चोर आलेला नाही, माई रोज येतात.

मी लाल मातीने माखलेल्या सलवारी पिळत होते.

"शनिवारी पहाटे पाठीला सॅक लावून कुठे गं?" माईंनी सुरुवातच केली. "नवरा बरोबर नाही, छत्री उघडलेली नाही, आणि चेहरा असा की जसं लग्नाला निघालीयस."

"कर्जतला. गटग होतं."

"काय गटगट?"

"गटग, माई. गेट टुगेदर. मायबोलीवरची माणसं भेटतात ना, त्याला आम्ही गटग म्हणतो. मिसळपाववाले कट्टा म्हणतात."

मिसळपाव हीही अशीच एक वेबसाइट, पण मिसळ म्हटल्यावर माईंचा गैरसमज झाला आणि मामलेदारच्या मिसळीवर पाच मिनिटं गेली. ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण मग मला पहिल्यापासून सांगावं लागलं. बॉस्टनला राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी १९९६ साली गणेशचतुर्थीच्या मुहूर्तावर मायबोली ही वेबसाइट सुरू केली. परदेशातल्या मराठी माणसांना आपल्या भाषेत चार शब्द बोलता यावेत म्हणून. तेव्हा आपल्याकडे घरी इंटरनेट येऊन जेमतेम वर्ष झालेलं, म्हणजे ते घर आपलं नव्हेच, कुणाचं तरी. पुढे इथलीही माणसं आली. त्यात मी, सासूबाईंच्या आजारपणात रात्री जागताना. गप्पांच्या जागेचं नाव होतं हितगुज.

"मग फोनवर करा की हितगुज. कर्जतला कशाला जायचं?"

कर्जतलाच का, याचं उत्तर सोपं आहे. मुंबईवाले पुण्याला जायला तयार नसतात आणि पुणेकर कुठेच यायला तयार नसतात. कर्जत सीएसएमटीपासून शंभर किलोमीटर, पुण्यापासून नव्वदेक. भांडणाला जागाच उरत नाही. पुण्याची माणसं सकाळच्या सिंहगडने उतरली, आम्ही कल्याण-बदलापूरकडून लोकलने. प्लॅटफॉर्मवर दिवाडकरांचा वडा हातात घेऊन एकमेकांचे चेहरे शोधत उभे. भोर घाटाचा चढ सदतीसास एक, म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात, तेवढा वेळ गाडी थांबते, आणि त्या थांब्यावर तो वडा मोठा झाला. हे मला प्लॅटफॉर्मवरच एकाने सांगितलं. ते रेल्वेवर लिहितात. दहा वर्षं त्यांचं लिखाण वाचतेय, पण ते इतके बुटके असतील असं वाटलं नव्हतं.

"नाव काय त्यांचं?"

इथेच अडलं. मला आयडी माहीत होता, नाव नव्हतं.

माईंनी कोपर भिंतीवरून उचललं. हे गंभीर लक्षण आहे. "नाव माहीत नाही, आणि रात्रभर राहिलीस?"

"माई, बावीस माणसं होती, सहा पोरं होती, एक सासू होती. ज्यांनी जमवलं त्यांच्याकडे सगळ्यांची खरी नावं, फोन नंबर, घरचा एक नंबर, सगळं लिहिलेलं. आणि यातल्या निम्म्यांना मी आधी तलावपाळीवर, गडकरीच्या बाहेर भरदिवसा चहाला भेटलेली आहे. पहिली भेट तशीच करायची असते. घरी सांगून, गर्दीच्या जागी, आणि निघायच्या गाडीची वेळ ठरवून." लेकाने मला हे नियम सांगितले होते. पंधरा वर्षांपूर्वी मी त्याला सांगितलेले तेच, शब्दही माझेच.

हे लहान गटग झालं. मोठा असतो तो ववि, म्हणजे वर्षाविहार. त्याला मुंबई-पुण्याहून बसगाड्या निघतात, पोराबाळांसकट माणसं येतात, खेळ असतात, एकसारखे टीशर्ट असतात, आणि त्या टीशर्टांच्या पैशांतून एखाद्या संस्थेला मदत जाते. आमचं आपलं एकीच्या दिराचं कर्जतच्या पुढे शेतघर होतं, तिथे पत्र्याखाली सतरंज्या. धबधब्यावर कुणी जायचं नाही, हे आधीच बजावलेलं. पावसाळ्यात तिकडे बंदीहुकूम असतात आणि ते विनाकारण नसतात. त्यामुळे दोन दिवस आम्ही फक्त बोललो आणि खाल्लं. भांडीही घासली, पण त्याचे फोटो कुणी काढले नाहीत.

"आता खरं सांग," माई जवळ सरकल्या. "कोण कोण निघालं?"

गप्पांचा मसाला इथेच होता. आमच्यात एक आजी आहेत. म्हणजे होत्या. त्यांच्या पाककृती म्हणजे वेदवाक्य. मापं अशी: 'पळीभर, पण आमच्या पळीने'. मी त्यांना दोन वर्षं अहो-जाहो करून काय काय विचारलंय! लोणच्याला बुरशी का येते इथपासून ते मला मधूनच अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, तर काय करू, इथपर्यंत. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं, न लाजता, न घाबरवता. शेवटी 'एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून ये हो' असंही. तर माई, सिंधी कॉलनीतल्या त्या जिमच्या मास्तरासारखा एक दांडगा पोरगा, डोंबिवलीचा, दाढीवाला, बरणी घेऊन माझ्यासमोर उभा. म्हणाला, "काकू, ओळखलंत? मी आजी."

"अगं बाई गं!"

"मला तर तिथेच वाफ आली."

त्याची आजी खरी आहे. पंच्याऐंशीची. तिला टाइप करता येत नाही, हा रात्री तिच्या खाटेशी बसून आमचे प्रश्न वाचून दाखवतो आणि ती सांगेल ते लिहितो. मी विचारलं, "माझा तो... घामाचा प्रश्नही तू वाचून दाखवलास?" तर म्हणतो कसा, "मग काय! आजी म्हणाली, तिला सांग, मलाही व्हायचं, मी माठाला पाठ लावून बसायचे. ते मी लिहिलं नाही, तुम्हाला हसू येईल म्हणून." बरणीत माइनमुळ्याचं लोणचं होतं. तुमच्यासाठी वाटीभर काढलंय, संध्याकाळी देते.

माई एवढ्या हसल्या की वरच्या गॅलरीतून भाभींनी "क्या हुआ?" विचारलं. भाभींचे सासरे फाळणीनंतर सिंधमधून आले आणि या कोपरी कॉलनीत संसार मांडला. त्यांना थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "हमारे ससुरजी तो ऐसे ही थे. स्टेशनपर कोई सिंधी बोला, तो सीधा घर लेके आते थे खाने पे." आणि पापड वाळत घालायला निघून गेल्या. काय बोलल्या, ते त्यांनाही कळलं नसेल.

भांडणाचंही सांगते. पुण्याचे एक गृहस्थ आणि कल्याणची एक बाई यांच्यात आमटीत गूळ घालावा की नाही, यावरून एवढं पेटलं होतं की ते पानच बंद करावं लागलं. आम्ही ठरवून दोघांना लांब बसवलं. दुपारी पंगतीला आमटी वाढायला तीच बाई. तिने त्यांच्या वाटीत वाढली, बिनगुळाची, आणि उभी राहिली. सगळ्या पंगतीने श्वास धरला. ते जेवले, वाटी पुढे केली, तिने दुसऱ्यांदा वाढलं. एक शब्द नाही. रात्री त्यांनी तिच्या पोराला बुद्धिबळात हरवलं, तेवढाच काय तो सूड. समोरासमोर माणूस एवढं भांडत नाही. समोर वाटी असते.

आमची भाषा ऐकून मात्र तिथली सासू चक्रावली. कुणी चांगलं बोललं की चारजण ओरडायचे, "मोदक!" म्हातारी दोनदा ताट घेऊन आली. मोदक म्हणजे अनुमोदन, हे तिला कोण सांगणार? एखादा चेष्टा करून 'दिवे घ्या' म्हणतो, म्हणजे हसण्यावारी न्या. आणि एकजण पूर्ण दोन दिवस कोपऱ्यात बसून फक्त हसत होता, तो नेहमीच रोमात असतो, वाचतो पण लिहीत नाही. प्रत्यक्षातही तो रोमातच राहिला. निघताना मात्र सगळ्यांच्या पिशव्या त्यानेच रिक्षात चढवल्या.

यानंतरचं मी माईंना सांगणार नव्हते. पण भिंतीला कोपर टेकलं की बोललं जातं.

साताऱ्याकडचे एक काका होते. पक्ष्याचा कसलाही धुरकट फोटो टाका, नाव सांगायचे. मी एकदा लिहिलं की मी कोपरीत राहते, इथे कावळे आणि कबुतरं. तर त्यांचं उत्तर आलं की ताई, तुमच्या मागच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारोंनी रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात, मे महिन्यापर्यंत असतात. मी तीस वर्षं इथे. खाडी म्हणजे ओहोटीचा वास, एवढंच मला ठाऊक. चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या बायकांकडून मासे घेतले, मीठबंदराच्या रस्त्याने हजारदा गेले, पण पलीकडे कधी पाहिलं नाही. २०१५ साली सरकारने त्या खाडीला रोहित अभयारण्य म्हणून जाहीर केलं, २०२२ साली ती पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. खाडीवरचा पूल ओलांडून मी जेव्हा ऐरोलीला गेले आणि तिथून बोटीत बसले, तेव्हा काकांना तिथूनच फोटो पाठवला. गुलाबी ठिपके, बाकी काही नाही. त्यांनी लिहिलं, 'पोचले. मोठे नव्हेत, धाकटे रोहित आहेत, चोच बघा, गडद.'

मार्चपासून त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांच्या विपूत, म्हणजे विचारपूस करायची जागा असते तिथे, आम्ही रोज कुणी ना कुणी विचारायचो, काका कुठे आहात? दोन महिन्यांनी त्यांच्याच आयडीने मुलीने लिहिलं. की बाबा गेले, आणि शेवटच्या आजारात तुमचे फोटो बघायचे. कर्जतला रात्री पत्र्यावर पाऊस एवढा होता की बोलणं ऐकू येईना, तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव काढलं. म्हणजे आयडी. आणि आमच्या लक्षात आलं की भेटायला जायचं तर आडनाव कुणालाच माहीत नाही. गाव सातारा जिल्ह्यात, एवढंच. बावीस माणसं, आणि एकालाही पत्ता माहीत नाही.

माई बराच वेळ गप्प होत्या. मग आपल्या नेहमीच्या पोलिसी आवाजात म्हणाल्या, "म्हणून म्हणते, नाव-गाव विचारून घ्यावं माणसाचं."

"माई, तुम्ही नोकरीला जायचात तेव्हा ठाणे लोकलला तुमचा ग्रुप होता ना लेडीज डब्यात?"

"होता की! दसऱ्याला डब्याला हार घालायचो आम्ही. संक्रांतीचं हळदीकुंकू चालत्या गाडीत. लेडीज स्पेशल ९२ साली आली, आमचा डबा त्याच्याही आधीपासून."

"त्यातली ती, जिने तुमच्या मोठीच्या बाळंतपणात पैसे आणून दिले होते..."

"मुलुंडवाली."

"नाव काय तिचं?"

माईंनी तोंड उघडलं. मिटलं. भिंतीवर बोटाने काहीतरी कोरत राहिल्या. "मुलुंडवालीच," म्हणाल्या. "ठाण्याला मी तिची जागा धरायची, मुलुंडला ती चढायची. अकरा वर्षं. हातात कायम क्रोशाची सुई. तिच्या नवऱ्याला दारूचं होतं, ते फक्त मला माहीत होतं." मग थोड्या वेळाने, "मी रिटायर झाले तेव्हा कुणाकडे मोबाइल होता गं? म्हटलं, भेटूच की गाडीत. पण गाडीत मी कशाला जातेय?"

माझं ऑनलाइन आणि त्यांची सेंट्रल लाइन, असा एक विनोद माझ्या जिभेवर आला होता. गिळला.

पावसाचे थेंब आले. मी कपडे गोळा करायला वळले, तर माई मागून म्हणाल्या, "त्यात क्रोशावाल्या बायका असतात का गं?"

"असतात. विणकामाचं वेगळंच पान आहे."

"मग मला एक घेऊन दे. ते काय म्हणतात ते, आयडी."

मी ओल्या हाताने फोन काढला, भिंतीवर ठेवला, वर छत्री धरली. "नाव काय टाकू?"

माईंनी अजिबात विचार केला नाही. "कोपरीवाली. डब्यात मला तेच म्हणायच्या."

"आणि ईमेल लागेल. मुलाचा देऊ?"

"त्याचा नको," माई घाईने म्हणाल्या आणि घराकडे बघून आवाज खाली आणला. "तो वाचेल."