पडद्यापलीकडच्या साहेबांस, माणगावच्या रांगेतून

मा. साहेब,


रविवारी संध्याकाळी माणगावच्या रांगेत अडकलो होतो, तेव्हा आपला फोन आला. ‘काका, गाडी आयडलिंग दाखवतेय. इंजिन बंद करा, डिझेल जळतंय.’ आपला आवाज फार गोड होता. पुढे भत्त्यातून जे कापलं गेलं, ते काही तितकं गोड लागलं नाही. म्हणून हे पत्र. उघडंच लिहितोय, कारण ड्रायव्हरचं बंद पाकीट तुमच्या हापिसात फोडतं कोण?

साहेब, रविवारचं माणगाव तुमच्या पडद्यावर दिसत नाही. तिथे फक्त एक थांबलेला ठिपका दिसतो. दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला दोन दिवस मासे खाऊन तृप्त झालेली अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं त्या वेळी घराकडे निघालेलं असतं. आमच्या बोर्ली पंचतनच्या बाजारातून सुटलेल्या मोटारी म्हसळा, साई, मोर्बा करत माणगावला महामार्गाला येऊन भिडतात, आणि मी दिघी बंदरातला माल घेऊन त्यांच्या मधोमध. या मुंबई-गोवा रस्त्याचं पनवेल ते इंदापूरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. माणगाव तर त्याच्याही पुढे. तेव्हा शाळेत जाणारी पोरं आज माझ्या शेजारच्या गाड्यांची स्टिअरिंगं धरून त्याच रांगेत उभी आहेत. इथला बायपास पुढच्या गणपतीला होणार आहे. तो नेहमी पुढच्याच गणपतीला होणार असतो.

आता इंजिन बंद करण्याबद्दल. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दीड-दोन लिटर पितं, हे तुमच्याआधी मला ठाऊक आहे. पण ही रांग उभी नसते, सरपटते. दर दोन मिनिटांनी एक गाडीभर पुढे. तेवढ्यासाठी दर वेळी बंद-चालू करत राहिलो, तर बॅटरी आणि स्टार्टर बसतो, आणि त्याचं बिल तुमच्या रकान्यात येत नाही. शिवाय या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा इंजिन भरतं. इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबत राहिलं की हवा उतरते, आणि हवा पुरती उतरली की मागची चाकं आपोआप जाम होतात. मग भरलेली दहाचाकी चौकात आडवी, मागे पाचशे हॉर्न. त्या वेळी तुमच्या पडद्यावर आयडलिंग शून्य दिसेल आणि तुम्ही मला बक्षीस द्याल.

बरं, १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी हवाच, असा सरकारी नियम झालाय. फार चांगलं झालं. पण एसी इंजिनावर चालतो, साहेब. सरकार म्हणतं ड्रायव्हर गार राहू दे, तुम्ही म्हणता इंजिन गार राहू दे. तुम्ही दोघं आपसात ठरवा, मी काच खाली करून बसतो.

इंजिन खरंच बंद ठेवून पुढे जायचं असेल, तर सोय आहे. माणगावच्या अलीकडे कोलाडला कोकण रेल्वे भरलेले ट्रक वाघिणीवर चढवून गोव्यात वेर्ण्याला नेते. १९९९ पासून नेते आहे. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, डिझेल टाकीत झोपतं. गोव्याच्या मालासाठी तरी हे तुमच्या हापिसाला सुचवून पाहिलं होतं. भाडं परवडत नाही, असं उत्तर आलं. म्हणजे डिझेल वाचवायचंय, पण माझ्या पायाने वाचवायचंय.

किरकोळ तक्रारी एका दमात सांगून टाकतो. ताम्हिणी घाट चढताना टाकी कलते, डिझेल एका बाजूला जातं आणि तुमचा सेन्सर ‘चोरी’ म्हणून ओरडतो. २०१८ साली सरकारने दहाचाकीची मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. वजन वाढलं, भाडं वाढलं, माझ्याकडून मागायचं एव्हरेज मात्र जुन्याच वजनाचं राहिलं. गोव्यात डिझेल स्वस्त म्हणून टाकी कोरडी करून तिथवर जायचं, आणि वाटेत डिझेलच्या लाइनने हवा घेतली की ती पंपाने काढत बसायचं तेही मीच.

पण खरं दुखणं पुढे आहे आणि तिथे मला विनोद करता येत नाही. तुमच्या एव्हरेजच्या बक्षिसापायी नवी पोरं घाटात न्यूट्रल मारतात. काही तर इंजिनच बंद करतात. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाजवळ एक ट्रक कितीतरी मोटारी चेपत गेला. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. इंजिन बंद म्हणजे नवी हवा भरत नाही, स्टिअरिंग दगड होतं, आणि गिअरचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर. ते तापले की संपलं. आणि वाचतं काय? गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, तर आजचं इंजिन उतारावर डिझेल घेतच नाही. न्यूट्रलला मात्र घेतं. ज्या आयडलिंगसाठी माझा भत्ता कापता, तेच आयडलिंग ही पोरं जिवावर उदार होऊन उतारावर करतात, आणि तुमचा कागद त्यांना ‘उत्तम चालक’ म्हणतो. हे कुणी शिकवलं त्यांना? आम्ही नाही शिकवलं. तुमच्या त्या बक्षिसाच्या यादीने शिकवलं. ती लावणाऱ्याने एकदा भरली गाडी घाटातून खाली आणून दाखवावी!

पण फोनवरच्या तुझ्यावर ओरडून उपयोग नाही, बाळा, हे कळतं मला. परवा मध्यरात्री तुझा फोन आला, तेव्हा मागून कुणीतरी तुलाच विचारत होतं, ‘तुझ्या रूटचं एव्हरेज का पडलं?’ मी म्हटलं, जेवलास का? तू म्हणालास, ‘काका, खुर्चीवरून उठलो की सिस्टीम मला आयडल दाखवते.’ त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. तुझाही भत्ता कापतात का, ते विचारायचं राहिलं.

तर साहेब, हे पत्र तुमच्या वरच्या साहेबांना दाखवा. कापलेले पैसे परत मागत नाही. तुमच्या रिपोर्टात ‘आयडलिंग’च्या शेजारी ‘कुठे’ एवढा एक रकाना वाढवा, म्हणजे माणगाव तरी दिसेल. आणि कागदावर जागा पुरत नसेल, तर एव्हरेजच्या बक्षिसाचा रकाना आजच्या आज काढून टाका.

आपला,
दहाचाकीवरचा काका
मु. पो. बोर्ली पंचतन, ता. श्रीवर्धन